डेबियन १३ची रॅममधली टीएमपी: झेरॉक्स-डीटीपीच्या मशीनवर राहू द्यावी की हलवावी?

डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची १३वी आवृत्ती, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ला आली. त्यातला एक बदल स्क्रीनवर कुठेच दिसत नाही, पण कामाच्या मशीनला सगळ्यात आधी तोच जाणवतो. /टीएमपी हे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर आता डिस्कवर नसतं, रॅममध्ये असतं. डेबियन १२ पर्यंत ते रूट पार्टिशनवरच, म्हणजे डिस्कच्या मुख्य भागातच असायचं. हे परीक्षण फक्त या एका बदलाचं आहे.

निकाल आधीच सांगतो. मशीनला ८ जीबी किंवा जास्त रॅम असेल आणि काम टायपिंग, ब्राउझर, हिशेब एवढंच असेल, तर हा बदल चांगला आहे, त्याला हात लावू नका. मशीन ४ जीबीचं असेल आणि दिवसभर स्कॅनिंग, फ्लेक्स, मोठ्या पीडीएफ चालत असतील, तर डेबियन बसवल्याच्या पहिल्या दिवशीच टीएमपीची जागा ठरवून टाका. लातूर, परभणी, बीड, जालना कुठेही जा, तहसीलसमोरच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांत अजून ४ जीबीची मशीनं पुष्कळ आहेत, म्हणून पुढचं बरंचसं त्यांच्यासाठीच आहे. फक्त ३२ बिटचं जुनं मशीन असेल तर त्याचा इथे प्रश्न येत नाही. डेबियन १३ला त्यासाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही (सिस्टिमचा गाभा) नाही.

आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरांत करायची. टीएमपीडीआयआरसारखी व्हेरिएबलची नावं तेवढी मोठ्या अक्षरांत.

आधी हे चालतं कसं ते पाहू. रॅममधल्या या फाइल सिस्टिमला टीएमपीएफएस म्हणतात. तिचा कमाल आकार रॅमच्या निम्मा धरलेला असतो. तेवढी रॅम आधीच अडवून ठेवली जाते असा गैरसमज आहे. तसं होत नाही. रिकामी टीएमपी जवळपास काहीच खात नाही, फाइल आली की तेवढीच जागा जाते आणि फाइल पुसली की ती परत मिळते. ४ जीबीच्या मशीनवर ग्राफिक्सचा वाटा वजा जाऊन कर्नलला ३.७-३.८ जीबी दिसते, म्हणजे टीएमपीची हद्द १.९ जीबीच्या आसपास पडते. 'डीएफ -एच /टीएमपी' चालवलं की हा आकडा समोर येतो. 'फ्री -एच' मध्ये ही जागा 'शेअर्ड' या रकान्यात मोजली जाते. मशीन जड झालं आणि शेअर्डचा आकडा गिगाबाइटमध्ये गेला असेल, तर दोष ब्राउझरला देण्याआधी टीएमपी उघडून बघा.

फायदा खरा आहे. छोट्या फाइली डिस्कला न शिवता लिहिल्या-पुसल्या जातात, आणि जुनी हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर हा फरक डोळ्यांना कळतो. एसएसडी वाचते म्हणूनही लोक हे करतात, पण तो मुद्दा वाढवून सांगितला जातो. रोज ५ जीबी तात्पुरतं लिखाण धरलं तरी वर्षाला १.८ टीबी होतं. साध्या एसएसडीची लेखनक्षमताही दहा-दहा टीबींच्या हिशेबात असते. तेवढ्यासाठी रॅम अडवण्यात अर्थ नाही.

टीएमपी म्हणजे मोंढ्यातला ओटा. सौद्यापुरता माल उतरवायचा आणि संध्याकाळी ओटा मोकळा. आता कोणी त्या ओट्यावर अख्ख्या हंगामाचं सोयाबीन आणून ओतलं, तर दोष ओट्याचा की ओतणाऱ्याचा? युनिक्समध्ये म्हणूनच पहिल्यापासून दोन जागा आहेत. /टीएमपी ही घडीभराची, आणि /व्हार/टीएमपी ही मशीन बंद-चालू झालं तरी टिकायला हवं अशा तात्पुरत्या मालाची. डेबियन १३ने फक्त पहिली रॅममध्ये नेली आहे, दुसरी डिस्कवरच आहे. हा निर्णय अगदी योग्य आहे. घोळ होतो तो मोठा माल आणणारे प्रोग्रॅम दुसरी जागा सोडून पहिलीत उतरतात म्हणून.

फ्लेक्सचं उदाहरण घेऊ. १० बाय ४ फुटांचा बॅनर १५० डीपीआयला म्हणजे १८,००० गुणिले ७,२०० पिक्सेल, जवळपास १३ कोटी. चित्रांवर काम करणाऱ्या इमेजमॅजिक या प्रोग्रॅमच्या १६ बिटच्या आवृत्तीत चार रंगांच्या एका पिक्सेलला ८ बाइट लागतात, म्हणजे एक प्रत १ जीबीच्या वर. फिरवणं किंवा आकार बदलणं असलं की मूळ आणि नवी अशा दोन प्रती एकाच वेळी हव्यात, म्हणजे २ जीबी. इमेजमॅजिकला स्वतःसाठी किती रॅम वापरायची याची मर्यादा पॉलिसी फाइलमध्ये घालून दिलेली असते. ती ओलांडली की ते रॅम वाचवण्यासाठी पिक्सेल तात्पुरत्या फाइलीत उतरवतं. ही फाइल जाते /टीएमपीत, आणि /टीएमपी तर रॅममध्येच! रॅम वाचवायला टाकलेला माल फिरून रॅममध्येच येतो. ४ जीबीच्या मशीनवर १.९ जीबीची हद्द गाठली की 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येतं, आणि माणूस डिस्कवर २०० जीबी मोकळी बघून चक्रावतो.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवा. संदेश 'कॅश रिसोर्सेस एक्झॉस्टेड' असेल तर टीएमपी भरलेली नाही, पॉलिसी फाइलमधली मर्यादा संपली आहे. 'आयडेंटिफाय -लिस्ट रिसोर्स' चालवून मर्यादा बघा आणि पॉलिसी डॉट एक्सएमएलमध्ये डिस्कचा आकडा वाढवा. अशा वेळी टीएमपी कितीही हलवली तरी काही उपयोग नाही. संदेश 'नो स्पेस' असेल तरच पुढचे उपाय.

हद्द गाठायच्या आधीच मशीन गुदमरतं, तीही बाजू पाहायला हवी. टीएमपीएफएसमधला माल रॅम कमी पडली की स्वॅपमध्ये, म्हणजे रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेल्या जागेत जाऊ शकतो. स्वॅप जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर डिस्कचा दिवा सलग पेटलेला राहतो आणि माउससुद्धा हलत नाही. स्वॅपच नसेल तर कर्नल एखादा प्रोग्रॅम मारतो, बहुतेक वेळा लिबरऑफिस किंवा ब्राउझर. पण प्रोग्रॅम मेला तरी त्याने टीएमपीत टाकलेल्या फाइली मरत नाहीत. रॅम अडलेलीच राहते आणि थोड्या वेळाने दुसरा प्रोग्रॅम मरतो. अशा वेळी /टीएमपीतल्या मोठ्या फाइली हाताने पुसल्या की मशीन लगेच श्वास घेतं. पुसूनही जागा परत आली नाही तर एखाद्या चालू प्रोग्रॅमने ती फाइल उघडी धरून ठेवलेली असते. 'एलएसओएफ +एल१' (अधिकच्या चिन्हानंतरचं एल मोठ्या अक्षरात) त्याचं नाव दाखवतं, तो बंद करा.

दुसरं उदाहरण स्कॅनिंगचं, आणि आपल्याकडे ते जास्त महत्त्वाचं. ए४ पान ३०० डीपीआयला २,४८० गुणिले ३,५०८ पिक्सेल. रंगीत पान कॉम्प्रेस न करता २६ एमबी, करड्या रंगात ८.७ एमबी. पीक विम्याच्या मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक असे गठ्ठे येतात. १५० पानं एका दमात रंगीत ओढली तर कच्चा माल ३.९ जीबी, करड्यात १.३ जीबी. जीस्कॅन२पीडीएफ हा प्रोग्रॅम पीडीएफ सेव्ह होईपर्यंत सगळं सत्र टीएमपीतल्या एका फोल्डरात ठेवतो. प्रोग्रॅम मध्येच पडला तर मेनूतल्या 'ओपन क्रॅश्ड सेशन'मधून ती पानं परत मिळतात, ही त्याची मोठी सोय. पण लाइट गेली तर? रॅममधली टीएमपी लाइटबरोबर गेली. जुन्या डेबियन १२ वरही हे सुटत नव्हतं, कारण तिथे टीएमपी डिस्कवर असली तरी बूट होताना रिकामी केली जायची. म्हणून 'जुनंच बरं होतं' हा सूर इथे लागू पडत नाही. भारनियमनाच्या गावात स्कॅनिंगची तात्पुरती जागा /व्हार/टीएमपीच हवी, आवृत्ती कुठलीही असो. जीस्कॅन२पीडीएफच्या प्रेफरन्सेसमध्ये 'टेम्पररी डिरेक्टरी'चा रकाना आहे, तिथे /व्हार/टीएमपी टाकायचं, एवढंच काम. त्याच्या जोडीला इन्व्हर्टरचं मागचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे ना ते बघा. साध्या मोडवर लाइट जाऊन इन्व्हर्टर पकडेपर्यंतच्या फटीत डेस्कटॉप मशीन रिस्टार्ट होतं.

आता हलवायच्या वाटा. एकच उत्तर सगळ्यांना नाही, म्हणून सौम्य उपायापासून सुरुवात करू.

जागा तात्पुरती वाढवायची असेल तर मशीन बंद करावं लागत नाही. रूट, म्हणजे मशीनचा मुख्य वापरकर्ता होऊन 'माउंट -ओ रिमाउंट,साइझ=३जी /टीएमपी' म्हटलं की चालू कामात हद्द वाढते, फाइली जागेवर राहतात. कमी करतानाही हीच आज्ञा, फक्त आत जेवढा माल आहे त्याच्या खाली नेता येत नाही. कायमचं करायचं तर 'सिस्टिमसीटीएल एडिट टीएमपी डॉट माउंट' आणि उघडलेल्या फाइलीत माउंट या विभागाखाली ऑप्शन्सची ओळ: मोड=१७७७, नोसुइड, नोडेव्ह, साइझ=१जी, मध्ये फक्त स्वल्पविराम, मोकळी जागा नाही. नुसतं साइझ लिहून सोडू नका. ही ओळ जुन्या ओळीत भर घालत नाही, तिची जागा घेते, त्यामुळे नोसुइड आणि नोडेव्ह ही सुरक्षेची दोन्ही बंधनं गुपचूप निघून जातात. ४ जीबीच्या मशीनवर हद्द १ जीबीवर आणणं हा सगळ्यात कमी त्रासाचा उपाय. मशीन गुदमरण्याऐवजी एकच प्रोग्रॅम वेळेवर तक्रार करतो, आणि कोणता ते कळतं.

तो कळला की त्यालाच हलवायचं, सगळ्या मशीनला नाही. त्यासाठी टीएमपीडीआयआर हे व्हेरिएबल आहे. 'टीएमपीडीआयआर=/व्हार/टीएमपी' एवढं आज्ञेच्या आधी लिहिलं की तो प्रोग्रॅम तात्पुरत्या फाइली डिस्कवर ठेवतो. एमकेटेंप, सॉर्ट, जीसीसी, पायथनचं टेंपफाइल हे सगळे त्याला मान देतात. इमेजमॅजिकचं स्वतःचं वेगळंही आहे, मॅजिक_टेम्पररी_पाथ (रोमनमध्ये मॅजिकच्या शेवटी सीके). लिबरऑफिसमध्ये ऑप्शन्सच्या पाथ्स या पानावर टेम्पररीचा रकाना आहे, आणि गिंपमध्ये प्रेफरन्सेसच्या फोल्डर्समध्ये टेम्पररी आणि स्वॅप असे दोन रकाने आहेत. मोठे फोटो हाताळणाऱ्यांनी गिंपचा स्वॅपचा रकाना आधी तपासावा, खरा माल तिथे जातो.

बहुतेकांचं घोडं अडतं ते पुढच्या पायरीवर. टीएमपीडीआयआर बॅशआरसी या टर्मिनलच्या सेटिंग फाइलीत लिहिलं, टर्मिनलमधून चाललं, पण डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर क्लिक केलं की परत पहिल्यासारखंच. आयकॉनवरून उघडलेला प्रोग्रॅम बॅशआरसी वाचत नाही. खात्रीचा मार्ग असा: /यूएसआर/शेअर/अॅप्लिकेशन्समधली त्या प्रोग्रॅमची डेस्कटॉप फाइल स्वतःच्या होममध्ये डॉट लोकल/शेअर/अॅप्लिकेशन्स इथे कॉपी करा आणि 'एक्झेक' च्या ओळीत बरोबरच्या चिन्हानंतर 'ईएनव्ही टीएमपीडीआयआर=/व्हार/टीएमपी' हे आधी घाला. सगळ्या वापरकर्त्यांसाठी हवं असेल तर /ईटीसी/एन्व्हायर्नमेंट फाइलीत एक ओळ, मग लॉगआउट-लॉगइन. सुडोने चालवलेल्या आज्ञेला मात्र यातलं काही मिळेल असं गृहीत धरू नका, सुडो असे व्हेरिएबल गाळून टाकतो. तिथे 'सुडो ईएनव्ही टीएमपीडीआयआर=...' असं लिहावं लागतं. सिस्टिमडी या बूट सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या सेवाही हे वाचत नाहीत, त्यांच्या युनिटमध्ये (सेवेची सेटिंग फाइल) एन्व्हायर्नमेंटची ओळ घालावी लागते. आणि दिलेलं फोल्डर अस्तित्वातच नसेल तर प्रत्येक प्रोग्रॅमची तऱ्हा वेगळी. सॉर्ट चूक दाखवून थांबतो, पायथन काही न बोलता /टीएमपीकडे वळतो. त्यामुळे स्पेलिंग चुकलं तरी 'हलवलं' असं वाटत राहतं.

अख्खी टीएमपीच डिस्कवर परत न्यायची असेल तर एक ओळ: 'सिस्टिमसीटीएल मास्क टीएमपी डॉट माउंट' आणि रिस्टार्ट. झालं, डेबियन १२ सारखं. परत रॅममध्ये हवी असेल तर अनमास्क. डेबियनच्या बाजूने सांगायलाच हवं की निर्णय फिरवायची वाट इतकी सोपी ठेवली आणि रिलीज नोट्समध्ये ती स्पष्ट लिहिली. याबद्दल त्यांना पूर्ण गुण.

पण रूटवरच टीएमपी असली की ती भरल्यावर रूट भरतं, आणि रूट भरलेलं मशीन धड लॉगइनही होऊ देत नाही. दुकानात तीन-चार माणसं एकच मशीन वापरत असतील किंवा क्लासच्या, कॉलेजच्या सर्व्हरवर दहा जण काम करत असतील, तर वेगळं पार्टिशन हाच पक्का बंदोबस्त. १० ते २० जीबी पुरतं.

पार्टिशन तयार असेल तर 'एमकेएफएस डॉट ईएक्सटी४ -एम ०' ने फॉरमॅट करा. '-एम ०' यासाठी, की एरवी ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवली जाते, तिची इथे गरज नाही. मग ते /एमएनटीवर माउंट करा आणि तिथेच 'सीएचमॉड १७७७ /एमएनटी' द्या. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. नव्या फाइल सिस्टिमच्या मुळाची परवानगी ७५५ असते, म्हणजे रूटशिवाय कोणी लिहू शकत नाही. लोक आधी /टीएमपी फोल्डरला १७७७ देतात आणि मग त्याच्यावर पार्टिशन माउंट करतात. माउंट झाल्यावर परवानगी आतल्या पार्टिशनची लागू होते, खालच्या फोल्डरची नाही. १७७७ मधला पहिला १ म्हणजे स्टिकी बिट. कोणीही लिहावं, पण दुसऱ्याची फाइल पुसता येऊ नये. ७७७ दिलं तर काम चालल्यासारखं वाटतं, पण शेजारच्या वापरकर्त्याची फाइल कोणीही उडवू शकतो. परवानगी चुकली की लक्षणं अशी: पासवर्ड बरोबर असूनही डेस्कटॉप उघडत नाही, पुन्हा लॉगइनचाच पडदा येतो, पॅकेजं बसवणारं एपीटी तात्पुरती फाइल बनवता आली नाही म्हणून अडतं, मारियाडीबी हा डेटाबेस एररकोड १३ दाखवतो. एररकोड १३ म्हणजे परवानगी, २८ म्हणजे जागा संपली. हे दोन आकडे पाठ असले की निम्मं निदान तिथेच होतं.

त्यानंतर /ईटीसी/एफस्टॅबमध्ये (बूट होताना काय कुठे माउंट करायचं त्याची यादी) पार्टिशनच्या यूयूआयडीने, म्हणजे ओळख क्रमांकाने ओळ घाला: जागा /टीएमपी, प्रकार ईएक्सटी४, पर्याय डिफॉल्ट्स, नोसुइड, नोडेव्ह, शेवटी ० आणि २. एफस्टॅबमध्ये /टीएमपीची ओळ असली की रॅमवाली व्यवस्था आपोआप बाजूला होते, वेगळं मास्क करावं लागत नाही. 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' ने एफस्टॅब तपासा आणि मगच रिस्टार्ट करा. एक अक्षर चुकलं तर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये उभं राहतं आणि गिऱ्हाईक समोर असताना ते निस्तरणं अवघड. चालू डेस्कटॉपमध्ये टीएमपीवर काहीही माउंट करू नका. एक्सचं (डेस्कटॉपचा पडदा चालवणारा प्रोग्रॅम), एसएसएच एजंटचं, टीमक्सचं सॉकेट, म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात ती फाइल, त्याच फोल्डरात असतं. ते झाकलं गेलं की नवी विंडो उघडत नाही आणि चालू टीमक्सला परत जोडता येत नाही. रिस्टार्ट हाच सरळ मार्ग.

एफस्टॅबमध्ये सवयीने नोएटाइम लिहिणारे पुष्कळ आहेत. टीएमपीवर ते टाळा. जुन्या फाइली साफ करणारी यंत्रणा फाइल शेवटची कधी वाचली तेही बघते. वाचल्याची नोंदच होत नसेल तर रोज वापरात असलेली फाइलही जुनी ठरते.

नोएक्झेकचंही तसंच. टीएमपीतून काही चालवताच येऊ नये, हे सुरक्षेसाठी ऐकायला छान वाटतं. पण एपीटी काही पॅकेजांच्या स्क्रिप्ट टीएमपीत उतरवून चालवतं, प्रिंटरच्या ड्रायव्हरचे बरेच इन्स्टॉलरही तिथेच उलगडतात. 'परमिशन डिनाइड' आलं आणि रूट असूनही आलं, तर कारण बहुधा हेच. 'माउंट -ओ रिमाउंट,एक्झेक /टीएमपी' करून काम उरका, नंतर परत नोएक्झेक. दुकानाच्या मशीनवर ही कटकट मुळातच घेऊ नका, नोसुइड आणि नोडेव्ह पुरे.

वेगळं पार्टिशन नाही, पण मोठी दुसरी डिस्क आहे, अशा ठिकाणी बाइंड माउंट चालतं. डिस्कवर फोल्डर करायचं, त्याला १७७७ द्यायचं आणि एफस्टॅबमध्ये ते /टीएमपीवर बांधायचं. डिस्क आतली, कायम जोडलेली हवी. यूएसबीवरच्या डिस्कवर टीएमपी बांधणं म्हणजे केबल हलली की सगळं मशीन हललं. सिमलिंकनेही, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या फाइलीनेही हे होतं. /टीएमपी सिमलिंक असेल तर सिस्टिमडी रॅमवाली टीएमपी लावतच नाही. पण बूटच्या सुरुवातीला ती डिस्क माउंट होण्याआधी कोणी टीएमपी मागितली तर सिमलिंक हवेत लोंबकळत असते. बाइंड माउंटमध्ये क्रम सिस्टिमडी स्वतः लावतं. म्हणून सिमलिंक नको. आणि /व्हार/टीएमपीची सिमलिंक /टीएमपीकडे करायची जुनी सवय तर आता सोडाच. टिकण्याची खात्री म्हणून जी जागा आहे, तीच रॅममध्ये जाते.

सर्व्हरवाल्यांसाठी थोडं. मारियाडीबी मोठ्या टेबलाची क्रमवारी लावताना टीएमपीत फाइल टाकतं. त्याला कॉन्फिगमध्ये टीएमपीडीआयआर (इथे छोट्या अक्षरांत) या ओळीने वेगळं फोल्डर द्या, मालकी मायएसक्यूएल वापरकर्त्याची. ते फोल्डर /होममध्ये देऊ नका. सेवेच्या युनिटमध्ये प्रोटेक्टहोम असतं, त्यामुळे परवानगी बरोबर असूनही ते तिला दिसत नाही. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसला यातलं काहीच लागत नाही, त्याच्या तात्पुरत्या फाइली त्याच्याच डेटा फोल्डरात असतात. छपाई सांभाळणारं सीयूपीएसही /टीएमपी वापरत नाही, त्याची तात्पुरती जागा /व्हार/स्पूलखाली असते. त्यामुळे मोठी पीडीएफ छापताना 'जागा नाही' आलं तर टीएमपी नाही, व्हार बघा. अपाचे या वेब सर्व्हरला सिस्टिमडी प्रायव्हेटटीएमपीमुळे स्वतःची वेगळी टीएमपी देतं. पीएचपीने अपलोड केलेली फाइल /टीएमपीत शोधून सापडत नाही ती यामुळे, ती सिस्टिमडी-प्रायव्हेट नावाच्या फोल्डरात आत असते. क्लासच्या वेबसाइटवर मोठे व्हिडिओ चढत असतील तर पीएचपीचं अपलोड_टीएमपी_डीआयआर शेवटच्या साठवणीच्या डिस्कवरच ठेवा. एकाच फाइल सिस्टिमवर फाइल हलवणं म्हणजे नुसतं नाव बदलणं. रॅममधून डिस्कवर हलवणं म्हणजे अख्खी फाइल कॉपी करणं.

साफसफाईचा नियमही १३मध्ये बदलला आहे आणि त्याकडे लक्ष कमी जातं. नव्याने बसवलेल्या मशीनवर /टीएमपीतल्या १० दिवसांपेक्षा जुन्या आणि /व्हार/टीएमपीतल्या ३० दिवसांपेक्षा जुन्या फाइली आपोआप पुसल्या जातात. बूटनंतर १५ मिनिटांनी एकदा आणि मग रोज. १२ वरून अपग्रेड केलेल्या मशीनवर जुनी वागणूक टिकावी म्हणून /ईटीसी/टीएमपीफाइल्स डॉट डी मध्ये टीएमपी डॉट कॉन्फ ही फाइल ठेवली जाते. एकाच दुकानातली दोन मशीनं, एक नवं बसवलेलं आणि एक अपग्रेड केलेलं, म्हणून वेगळी वागतात. स्कॅन /व्हार/टीएमपीत ठेवून महिनाभराने शोधणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं. एखादं फोल्डर वाचवायचं असेल तर त्याच जागी नव्या फाइलीत एक्स आणि फोल्डरचा मार्ग अशी ओळ लिहा.

इतरांशी तुलना करायची तर डेबियन इथे उशिरा आलं. सोलारिसमध्ये ही पद्धत फार जुनी, फेडोराने २०१३ मध्ये आलेल्या १८व्या आवृत्तीपासून ती घेतली. ओपनबीएसडीचा इन्स्टॉलर टीएमपीसाठी सरळ वेगळं पार्टिशन सुचवतो. सामायिक मशीनसाठी तो विचार जास्त भक्कम आहे. फ्रीबीएसडीत आरसी डॉट कॉन्फमध्ये टीएमपीएमएफएस आणि टीएमपीसाइझ या दोन ओळींनी हवं ते ठरवता येतं. डेबियनच्या इन्स्टॉलरने रॅम ४ जीबी दिसल्यावर 'टीएमपी डिस्कवर ठेवायची का' एवढा एक प्रश्न विचारला असता तर वरचा अर्धा मजकूर लिहावाच लागला नसता. ही उणीव मोठी आहे.

अपग्रेड केलेल्यांसाठी आणखी एक. बदल पहिल्या रिस्टार्टनंतर लागू होतो आणि तोवर डिस्कवरच्या टीएमपीत असलेल्या फाइली रॅमच्या टीएमपीखाली झाकल्या जातात. दिसत नाहीत, पण जागा अडवून बसतात. डीयू आणि डीएफचे आकडे जुळत नसतील तर 'माउंट --बाइंड / /एमएनटी' करा, /एमएनटी/टीएमपीत जुना साठा दिसेल. हवं ते काढून घ्या, बाकी पुसा, मग 'युमाउंट /एमएनटी'. शेवटी 'फाइंडएमएनटी /टीएमपी' चालवा. टीएमपीएफएस दिसलं तर ती रॅममध्ये, ईएक्सटी४ दिसलं तर तुमच्या पार्टिशनवर, आणि काहीच उत्तर आलं नाही तर ती रूटवर आहे.